तांदूळ वैरताना

माझ्या एका लेखात एक चूक छापून गेली आहे. आठ वर्षं झाली. मुद्रितशोधकाला ती सापडणं शक्य नव्हतं, कारण शुद्धलेखन चोख होतं. वाचकांनाही खटकली नाही. उलट तेच वाक्य आवडल्याचं दोघांनी कळवलं. वाक्य असं होतं: 'आजी चुलीवर भात टाकायची आणि घरभर मायेचा दरवळ पसरायचा.'

त्या वर्षी ऐन गणपतीत एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. कुणाचा तरी लेख आयत्या वेळी आला नव्हता, चार पानं रिकामी होती, चार दिवस हातात होते. मी हो म्हटलं. मला चार दिवसांत लेख होत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरीही म्हटलं. सगळ्यांना जमतं ते आपल्यालाही जमायला हवं, असं तेव्हा फार वाटायचं. लेख वेळेवर गेला, छापला गेला. मग संगमेश्वरहून मावशीचा फोन आला.

"छान लिहिलंयस गं. पण आई भात टाकायची नाही कधी. टाकतात तो केर. आई तांदूळ वैरायची."

शब्द कानावर पडला आणि आजीचा हात डोळ्यांसमोर आला. धुतलेले तांदूळ मुठीत घेऊन ती मूठ आधणाच्या अगदी जवळ न्यायची आणि बोटं हळूहळू सैल करायची. पाणी उडायचं नाही, कढ मोडायचा नाही. एक मूठ, मग दुसरी. जात्यातही दाणे वैरतात, तसेच, थोडे थोडे. हा शब्द मी लहानपणी रोज ऐकला होता. तो माझ्यातच कुठेतरी होता, पण चार दिवसांत वर आला नाही. वर आला तो 'टाकायची', कारण तो सगळ्यांच्या हाताशी असतो.

आणि मायेचा दरवळ? पावसाळ्यात लाकडं ओली असायची. घरभर धूर असायचा. आजीचे डोळे लाल व्हायचे, ती पदराने पुसत राहायची. चौदा माणसांचा भात ती त्या धुरात रांधत होती, आणि तिच्या नातीने छापून काय आणलं, तर दरवळ. मला त्या वाक्याची अजून लाज वाटते. शब्द चुकला एवढ्यापुरती ती लाज नाही. त्या वाक्याने आजीचे श्रम पुसून टाकले.

मी हळू लिहिते. चांगला दिवस असला तर दीडशे शब्द होतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले शंभर राहतात. दीड हजार शब्दांच्या लेखाला तीन महिने लागतात, कधी चार. कितीतरी वर्षं मी याला आळस म्हणत आले, शिस्तीचा अभाव म्हणत आले. पहाटे उठून पाहिलं, रोजची पानं ठरवून पाहिली. पानं भरायची, पण ती वाचताना वाटायचं, हे कुठल्याही बाईच्या कुठल्याही आजीबद्दल आहे. घाईत माझ्या हाताशी येतं ते माझं नसतं. ते आधी कुणीतरी लिहिलेलं असतं, अनेकदा चांगलंच लिहिलेलं असतं, आणि ते बाजूला सारून खालचं वर यायला मला वेळ लागतो. एवढं कळायला मावशीचा तो फोन यावा लागला.

सावकाश लिहिलेलं ते चांगलंच, असं मात्र मी म्हणणार नाही. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली तेव्हा ते पंचविशीत होते. 'हिंदू' आली २०१० साली, सत्तरी ओलांडल्यावर. लिहिणारा माणूस एकच, पण प्रत्येक पुस्तकाने आपापला वेळ घेतला. अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७चा. त्यानंतर मराठी पुस्तक नाही, ते थेट २००३-०४मध्ये 'भिजकी वही', 'चिरीमिरी', 'द्रोण' असे एकापाठोपाठ संग्रह आले, आणि सप्टेंबर २००४मध्ये कोलटकर गेलेच. मधली पंचवीस वर्षं हा कवी थांबला होता, असं बाहेरून दिसलं असेल. पण 'भिजकी वही' हातात घेतली की कळतं, एवढ्या साऱ्या बायकांचं रडणं ऐकून घ्यायला काय लागलं असेल. मला त्या मधल्या वर्षांचा आधार वाटतो. कोलटकरांशी माझी बरोबरी नाही. पण पुस्तक दिसत नाही म्हणजे काम चाललेलं नाही असं नसतं, हे मी तिथे शिकले.

मराठी लेखकाला अडचण आहे ती दिवाळीची. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्या लिहिण्याला एक सुगी ठरून गेली आहे. आषाढात पत्रं येतात, श्रावणात आठवणी येतात. या अंकांनी मराठीत केवढं तरी लिहून घेतलं आहे, मीही त्यांच्यामुळेच लिहू लागले. आता फक्त मी एक करते. पत्र आलं की उत्तरात लिहिते, 'यंदा नको, पुढच्या दिवाळीला देते.' पहिल्यांदा असं कळवलं तेव्हा हात थरथरला होता. वाटलं, आता पुन्हा कुणी विचारणार नाही. दोघांनी खरंच विचारलं नाही. एका संपादकबाईंनी मात्र पुढच्या आषाढात पोस्टकार्ड टाकलं, 'ताई, वर्ष झालं.' लेख तयार होता.

माझं काम पाठकोऱ्या कागदांवर चालतं. प्रत्येक खर्ड्याच्या कोपऱ्यात तारीख घालते. खर्डा झाला की कपाटात, दाते-कर्वे कोशाच्या सात खंडांच्या मागे उभा करून ठेवते आणि किमान आठ दिवस त्याला हात लावत नाही. मग मोठ्याने वाचते. डोळ्यांना गोड लागलेलं वाक्य तोंडात आलं की घोगरं होतं, तिथे पेन्सिलीने रेघ मारते. रेघ मारलेल्या जागी लगेच दुसरा शब्द भरायचा नाही, हा मी स्वतःला घातलेला नियम. जागा मोकळी ठेवायची. भाजी निवडताना, बसच्या रांगेत, कुणाच्या तरी बोलण्यात शब्द येतो. काही जागा महिनाभर मोकळ्या राहतात. पूर्वी त्या पाहून जीव खालीवर व्हायचा. हल्ली त्या तशाच सोडून मी निवांत झोपते.

आजीचा लेख मी आता पुन्हा लिहायला घेतला आहे. छापलेला परत घेता येत नाही, म्हणून नवा. सातवा खर्डा चालू आहे. परवा 'पाणी उकळलं' या दोन शब्दांवर रेघ मारली आणि मावशीला फोन लावला. ती आता ब्याऐंशीची आहे.

"मावशी, आधण झालं हे आजीला कसं कळायचं? ती तर झाकण काढून बघायचीसुद्धा नाही."

"अगं, ऐकून! आधी सणसणतं, मग मोठा आवाज करतं. मग जरा गप्प होतं बघ. तेवढ्यात आई तांदळातलं शेवटचं पाणी काढायची. मग खळखळलं की वैरायचे."

"गप्प होतं?"

"होतं की. कधी ऐकलं नाहीस?"

नव्हतं ऐकलं. आमच्याकडे कुकर. फोन ठेवला, पितळेचं जुनं पातेलं माळ्यावरून काढलं, घासलं, पाणी भरून गॅसवर ठेवलं. पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली आणि ओट्याशी स्टूल ओढून बसले.