ऋषीची भाजी

आमच्या कोकणातल्या घरी गणपतीचा पहिला दिवस मोदकांचा आणि दुसरा ऋषीच्या भाजीचा. मोदकांचं कौतुक साऱ्यांनाच असतं. पण आम्ही चुलत, आते बहिणी आजही एकत्र जमलो की आधी आठवते ती ही पातळ, बिनफोडणीची भाजी.

भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा नेम. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, डाळ नाही. तेलही नाही, कारण घाण्याला बैलच जुंपलेला असायचा. मग उरायचं ते परसातलं आणि मांडवावरचं. अळू, लाल माठाचे जाड देठ, पडवळ, शिराळी, भेंडी, लाल भोपळा, सुरण, मक्याची कोवळी कणसं, आंबटपणाला आंबाडे. भाताऐवजी वरीचे तांदूळ.

चिरायला पहाटेच सुरुवात व्हायची. आजी, आत्या, मोठी काकी आघाड्याच्या काड्यांनी दात घासून, न्हाऊन, पाटावर सुपाऱ्या मांडून सप्तर्षींची आणि अरुंधतीची पूजा करायच्या. तोवर आम्ही मुली माजघरात विळ्यांभोवती. सुरण नि अळू खाजतं म्हणून हाताला आमसूल चोळायचं, तरी मनगटं चुरचुरायचीच. देठ सोलायचं काम धाकट्यांकडे. साल एका ओढीत निघाली पाहिजे, हा आत्याचा आग्रह.

भाजी शिजवण्यात मात्र काकीचा शब्द शेवटचा. मोठ्या टोपात आधी सुरण आणि कणसाचे तुकडे, ते अर्धे शिजले की देठ नि भोपळा, मग पडवळ, शिराळी आणि अळूची पानं, भेंडी सर्वांत शेवटी. ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, मीठ, आणि उतरवताना भरपूर ओलं खोबरं. बस. हिंग, मोहरी, मसाला, काही नाही. काकी गोव्याची, तिच्या माहेरी खतखतं व्हायचं. त्यातही अशाच भाज्या, पण डाळ आणि तिरफळं. या दिवशी तिरफळाकडे ती बघायचीसुद्धा नाही. भोपळा विरघळून रसाला अंगचीच गोडी यायची, आंबाड्याची कोय चोखत बसायची, आणि कणसाचा तुकडा कुणाच्या वाट्याला जास्त आला यावर भांडण ठरलेलं. जेवणं आटोपली की गडबड सुरू, कारण आमचा गणपती दीड दिवसाचा, संध्याकाळी विसर्जन.

व्रताची कहाणी आजी दरवर्षी वाचायची. एका मुलाच्या घरात त्याचीच आई कुत्री होऊन आणि बाप बैल होऊन जन्माला येतात. सापाने विष ओकलेली खीर घरच्यांनी खाऊ नये म्हणून कुत्री ती बाटवते आणि मार खाते. बैल दिवसभर राबून उपाशी राहतो. हे सारं का, तर पाळीच्या दिवसांत आईने घरात शिवाशिव केली म्हणून. लहानपणी आम्हाला त्या बैलासाठी रडू यायचं. कळत्या वयात त्या आईसाठी यायला लागलं. घरच्यांना वाचवून मार खाणाऱ्या बाईला दोषी धरणारी ही कहाणी वाचताना आजीला काय वाटत असेल, हे तिला विचारायचं धाडस आमच्यातल्या एकीलाही झालं नाही. ती स्वतः वर्षानुवर्षं महिन्याचे दिवस बाजूला बसलेली होती.

आमच्या पिढीने विटाळ टाकला. एकीच्याही घरी आता कुणी बाजूला बसत नाही, आणि आमच्या मुलींना पाळीविषयी आम्ही मोकळेपणाने सांगितलं, ते बरं केलं असंच मला वाटतं. बैलाच्या नेमाला मात्र कुणी हात लावला नाही. वर्षभर ज्याच्या मानेवर जू, त्याच्या कष्टाचा एक दिवस तरी घास घ्यायचा नाही, ही जाण मला फार मोठी वाटते. आता शेतात ट्रॅक्टर आला, तेल गिरणीतून येतं, तरीही भाजीत फोडणी पडत नाही.

मुंबई-पुण्याच्या मंडईत पंचमीच्या आधी ऋषीच्या भाजीचे मिश्र वाटे मिळतात. सोय चांगली, पण त्यात देठ थोडे असतात. ते वेगळे घ्यावेत. भाचेसुना ही भाजी कुकरला लावतात, तेवढं मला पटत नाही. सगळ्याचा एकच लगदा होतो. उघड्या टोपात, क्रमाने घातली तरच सुरणाची फोड सुरणाची लागते आणि पडवळ पडवळाचं. गेल्या वर्षी माझ्या जावयाने सुरण सोलायला घेतला. मी त्याच्या हातावर आमसूल ठेवलं आणि देठांची जुडी लेकाकडे सरकवली.