मुळशीत कॅमेरा आला असता तर

चांदणी चौक ओलांडून भूगाव-पिरंगुटची गर्दी सरली, की पौडनंतर रस्ता मोकळा होतो. मुळशीच्या पाण्याकाठी एका जोडप्याचं प्री-वेडिंग शूटिंग चाललं होतं. वर ड्रोन घोंघावत होता आणि नवरी मुलगी पुन्हा पुन्हा त्याच वाटेनं 'सहज' हसत येत होती.

या पाण्याखाली मावळातली गावं आहेत. टाटा पॉवर कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे सत्याग्रहाला उतरले. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते इथंच. १९२४पर्यंत लढून मावळे हरले. पुण्यातल्या सावकारांनी मोबदला पत्करला, आणि जमीन कसणारी कुळं उघड्यावर आली. हे आपल्याला कळतं विनायकराव भुस्कुट्यांनी लिहून ठेवलं म्हणून. ते स्वतः लढ्यातले.

ड्रोनकडे बघताना मला तेरेझिन आठवलं. प्रागच्या उत्तरेला असलेल्या या तटबंदीच्या गावात नाझींनी ज्यूंना कोंडलं होतं. २३ जून १९४४ला रेड क्रॉसची माणसं पाहणीला येणार, म्हणून रंगरंगोटी झाली, बागा लावल्या. दाटी दिसू नये म्हणून मे महिन्यातच सुमारे साडेसात हजार कैद्यांना आउश्वित्झला धाडलं. पाहुणे फसले. मग ऑगस्ट-सप्टेंबरात तिथंच चित्रपट काढला: फुटबॉलचा सामना, वाचनालय, मुलांचं संगीत नाटक. दिग्दर्शनाला जुंपलं कुर्ट गेरॉनला. 'द ब्लू एंजल'मधला हा नावाजलेला नट तिथंच कैदी होता. काम उरकताच त्यालाही आउश्वित्झला नेऊन मारलं. पडद्यावरच्या कितीतरी जणांचं तेच झालं.

युद्ध संपेपर्यंत तो चित्रपट फारसा कुणी पाहिला नाही. नुकसान झालं ते नंतर. वीसेक मिनिटांचे तुकडे उरले, आणि छावणीची दुसरी हलती चित्रं जवळजवळ नसल्यानं माहितीपटांत तेच फिरले. निवेदक काहीही सांगो, डोळ्यांना दिसतो रंगलेला सामना. बरं, फेकून द्यावेत तर काहींचे चेहरे कदाचित तेवढ्यातच उरलेत.

मुळशीत सरकारनं कॅमेरा आणला असता, तर नटसुद्धा लागले नसते. मोबदला मोजून घेणारा सावकार खरा, रोजंदारीवरचा मजूर खरा, चढत जाणारी भिंतही खरी. कुळाला तेवढं चौकटीबाहेर ठेवायचं. आज ती फीत 'दुर्मिळ' म्हणून आपण व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवली असती. भुस्कुट्यांचं पुस्तक मग कोण उघडणार होतं?