शब्दांची सोबत

गेली काही वर्षे आम्हा माजी विद्यार्थ्यांकडे वसतिगृहातील धाकटी भावंडे आपल्या इंग्रजी प्रबंधांची प्रकरणे वाचावयास पाठवितात. विषय कसदार असतो, आकडेमोड चोख असते. तरी प्रकरण परत येते ते ‘भाषा सुधारा’ एवढाच शेरा घेऊन. काय सुधारावे, ते लिहिलेले नसते. व्याकरण पाहावे, तर तेही शुद्ध!

अडते ते शब्दांच्या सोबतीत. मराठीत थंडी कडाक्याची, पाऊस मुसळधार, ऊन रणरणते. ‘मुसळधार थंडी’ व्याकरणात बसते, पण कोणी म्हणत नाही. हे आपणांस कोणी शिकविले नाही, ऐकता ऐकता कानांत बसले. ज्यांच्या घरी इंग्रजी पुस्तकांचे कपाट होते, त्यांच्या कानांत इंग्रजीच्या जोड्याही अशाच बसल्या. आमच्या मुलांना त्या एकेक करून वेचाव्या लागतात. इंग्रजीत संशोधन ‘मेक’ करीत नाहीत, ‘कंडक्ट’ करतात. लक्ष आपण देतो, इंग्रज ते ‘पे’ करतो. निष्कर्ष मात्र दोघेही काढतात, ‘ड्रॉ’ करतात. तेवढी एक जोडी आपल्याला फुकट मिळाली.

या सोबतीला भाषाशास्त्रात ‘कोलोकेशन’ म्हणतात. ही संज्ञा रूढ करणारे जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे २०१३ मध्ये अकरमन आणि चेन यांनी विद्याक्षेत्रीय लेखनातील २,४६९ जोड्यांची यादीच प्रसिद्ध केली. ती पाठ करू नये. पण जवळ अवश्य असावी.

काही जोड्यांत तर प्रश्न केवळ शोभेचा नसतो. ‘सिग्निफिकंट डिफरन्स’ म्हणजे मोठा फरक, असे समजून अनेक जण लिहून जातात. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ निराळा: हा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता फार कमी आहे. कसोटी न लावता ही जोडी वापरली की मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न तिच्यावरच येतो. ‘प्रूव्ह’चेही तसेच. पन्नास घरांच्या पाहणीतून काही सिद्ध होत नाही. तेथे ‘फाइंडिंग्ज सजेस्ट’ एवढेच म्हणावे.

आम्ही मुलांना एक वही करावयास सांगतो. पानाच्या माथ्यावर नाम लिहावयाचे, कारण लिहिताना सुचते ते नामच. अडते ते क्रियापद. ‘डेटा’च्या पानावर कलेक्ट, अॅनलाइझ, प्रेझेंट, ‘हायपॉथिसिस’च्या पानावर टेस्ट, सपोर्ट, रिजेक्ट. अशा भरलेल्या तीन वह्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत. त्या घरी नेता येतात.