ओझर ते सांबरा

द्वारकेला रिक्षा पुणे रोडला वळली आणि मला काही वावगं वाटलं नाही. चुकलं ते तिथंच. माझं माहेर बेळगावचं, त्यामुळे तेहतीस वर्षं मी माहेरी जायला याच रस्त्याला लागत होते. उपनगर जवळ आलं तसं रिक्षावाल्यानं विचारलं, "मावशी, कुठल्या गेटला सोडू?" तेव्हा लक्षात आलं, हा मला गांधीनगरला घेऊन निघालाय. तिथलं विमानतळ लष्कराचं. पण नाशिकच्या जुन्या माणसाला विमान म्हटलं की अजून तेच आठवतं. माझं विमान होतं ओझरहून, म्हणजे आग्रा रोडला, शहरापासून वीसेक किलोमीटर. "वळवा, वळवा," म्हणत आम्ही परत द्वारकेला आलो. मांडीवर द्राक्षांचा खोका होता. तोही पिंपळगावच्या बागेतून आदल्याच दिवशी ओझरवरून घरी आलेला!

हे 2021 सालच्या फेब्रुवारीतलं. स्टार एअरनं नुकतीच नाशिक-बेळगाव सेवा सुरू केली होती, उडान योजनेतली. भाच्यानं तिकीट काढून दिलं आणि म्हणाला, "आत्या, तासाभरात पोचशील." मी हसले. 1988 मध्ये लग्न होऊन आले तेव्हा सकाळी एसटीनं निघायचं, संगमनेरच्या अलीकडे-पलीकडे एकदा तरी उलटी व्हायची, शिवाजीनगरला उतरून पुणे स्टेशन गाठायचं, रात्रीची गाडी धरायची आणि मिरजेला सामान काढून मीटरगेजच्या डब्यात चढायचं. बेळगाव यायचं ते दुसऱ्या दिवशी. पुढे थेट बस मिळू लागल्या, तरी साडेपाचशे किलोमीटरला अख्खी रात्र जायचीच.

ओझरची धावपट्टी एचएएलची. 1964 पासून इथं मिगचा कारखाना, नंतर सुखोईही इथंच तयार झाली. प्रवाशांची इमारत त्यामानानं अगदी अलीकडची, आणि त्या दिवशी इतकी शांत की माझ्या चपलांचा आवाज मलाच ऐकू येत होता. विमान पन्नास आसनांचं. एका बाजूला दोन-दोन खुर्च्या, दुसऱ्या बाजूला एकेकच. मला एकटी खुर्ची मिळाली, म्हणजे खिडकीही माझी आणि वाटही माझी. पण त्या बाजूला डोक्यावर सामानाचा कप्पाच नव्हता. शेवटी द्राक्षं पुढच्या खुर्चीखाली सरकवली आणि उतरेपर्यंत पायानं चाचपत राहिले.

ओझर ते सांबरा सरळ रेषेत साधारण 480 किलोमीटर. सांबरा म्हणजे बेळगावचं विमानतळ. खाली बागांचे चौकोन दिसले, मग डोंगर, मग एखादं धरण चमकून गेलं. पुणं कुठलं ते ओळखायचं ठरवलं होतं, पण ते कधी मागे पडलं कळलंच नाही. ज्या पुण्यात इतकी वर्षं सामान उतरवलं, त्याला वळसासुद्धा नाही. याचं मला, खरं सांगायचं तर, थोडं वाईटच वाटलं. चहा मागवावा की नको या विचारात असतानाच खाली उतरायची सूचना झाली. भाच्याचा तास खरा निघाला.

अर्थात घराच्या उंबऱ्यापासून माहेरच्या उंबऱ्यापर्यंत पाच तास लागले. त्यातला पाऊण तास गांधीनगरचा. विमानात बसले त्यापेक्षा जास्त वेळ मी विमानाची वाट बघत बसले होते. तरीही दुपारच्या जेवणाला मी घरी होते. आईनं दार उघडलं आणि आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. दरवेळी मी पिवळी पडूनच यायचे ना! तिनं आलेपाक काढून ठेवला होता. तो तसाच राहिला. द्राक्षांचे चार-पाच घड दबले होते, बाकीची शाबूत होती.

परतताना कुंद्याचा डबा मात्र मी सामानात न देता हातातच ठेवला. आणि तुम्हाला कधी ओझरहून जायचं असेल, तर रिक्षात बसतानाच 'ओझर' म्हणा. नुसतं 'विमानतळ' म्हणू नका.