परक्यांच्या कुतूहलासाठी

फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयाची रांग दार उघडण्याच्या बरीच आधी लागते. दोन लांबलचक इमारती समोरासमोर, मध्ये गल्लीसारखा अरुंद चौक, त्याच्या एका टोकाला आर्नो नदी आणि दुसऱ्या टोकाला पालाझ्झो वेक्कियोचा मनोरा. कमानींच्या खांबांत कोनाडे आहेत आणि त्यांत दान्ते, गॅलिलिओ, मॅकियाव्हेली असे या भूमीतले मोठे लोक संगमरवरात उभे आहेत. त्यांच्या पायांशी माणसं बसलेली असतात: कुणी पाव खातंय, कुणी झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेतलंय. एक क्रमांकाच्या दाराशी वेळ आधी ठरवून आलेल्यांची रांग, दोन क्रमांकाच्या दाराशी तिथंच तिकीट काढणाऱ्यांची. पहिली सरकत असते. दुसरीकडे पाहिलं की उन्हाळ्यात पोटात कालवतं.

आम्ही जास्तीचे पैसे मोजून रांग टाळली होती. बरोबर आई होती, तिचे गुडघे आता तासभर उभं राहू देत नाहीत. त्यामुळे 'स्किप-द-लाइन' फेरी घ्यायची हे ठरवायला आम्हांला क्षणही लागला नाही. तरी त्या दुसऱ्या रांगेच्या शेजारून जाताना मान खाली गेली. सामानाच्या तपासणीची रांग मात्र सगळ्यांना सारखीच असते आणि तिथं थांबावं लागलं याचं मला बरंच वाटलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी इटलीतली सरकारी संग्रहालयं सगळ्यांना फुकट खुली असतात. त्या दिवशी गावातली माणसं येतात, असं आमच्या गाइडबाईंनी सांगितलं. त्या स्वतः फ्लॉरेन्सच्याच. गळ्यात परवान्याचं ओळखपत्र, हातात घडी केलेली पिवळी छत्री. आमच्या प्रत्येकाच्या कानात त्यांनी छोटं यंत्र अडकवलं आणि मग त्या इतक्या हळू बोलू लागल्या की शेजारच्यालासुद्धा ऐकू जाऊ नये. पण आम्हां सगळ्यांच्या कानाशी तो आवाज होता.

जिना चढायच्या आधी त्यांनी एका बाईची गोष्ट सांगितली. ही इमारत 1560मध्ये कोझिमो दे मेदिचीसाठी जॉर्जो वासारीनं बांधायला घेतली, ती सरकारी कचेऱ्यांसाठी. वरच्या मजल्यावर पुढं मेदिची घराण्यानं आपली चित्रं नि शिल्पं मांडली. पिढ्यानपिढ्या जमवलेला हा ठेवा 1737मध्ये एका निपुत्रिक विधवेच्या हाती आला. आन्ना मारिया लुइझा तिचं नाव. नवरा जर्मनीत वारला, ती माहेरी परत आली, भाऊही गेला आणि मेदिची घराण्याची ती शेवटची उरली. राज्य कुणाला द्यायचं ते युरोपातल्या बड्या सत्तांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ते लॉरेनच्या घराण्याला गेलं. तिच्या हाती राज्य नव्हतं, वस्तू होत्या. तिनं नव्या राजघराण्याशी करार केला: चित्रं, पुतळे, ग्रंथ, रत्नं सगळं तुमच्या ताब्यात देते, पण यातलं काहीही या राज्याबाहेर न्यायचं नाही. कारणंही तिनं लिहून ठेवली. राज्याची शोभा राहावी, लोकांच्या उपयोगी पडावं आणि परदेशी माणसांचं कुतूहल जागं व्हावं.

मी जिन्याच्या पहिल्याच पायरीवर थबकलो. खालच्या दोन रांगांत उभी असलेली कोरियन, ब्राझिलियन, पोलिश माणसं, शिवाय मी आणि आई, अशा सगळ्यांची नोंद त्या करारात होती. आम्ही येणार हे एका बाईनं पावणेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी धरूनच ठेवलं होतं. त्या आधी शंभर वर्षं मांतुआच्या गोन्झागा घराण्याचा संग्रह इंग्लंडच्या राजाला विकला गेला होता आणि पुढं तो जगभर पांगला. तिच्या डोळ्यांसमोर ते असणारच. ती 1743मध्ये गेली. 1769मध्ये दालनं लोकांसाठी खुली झाली. संग्रहालयांच्या गर्दीबद्दल नाक मुरडणारी माणसं भेटतात, तेव्हा मला हल्ली त्या कराराची आठवण होते. गर्दी हा तिथला अपघात नाही, कुणीतरी जीव लावून ती मागितलेली आहे.

वासारीचा जिना उंच आहे. आई टप्प्याटप्प्यावर थांबली आणि गाइडबाई कसलीही घाई न दाखवता तिच्याबरोबर थांबल्या. वर लांब ओसरीसारखा मार्ग, छतावर वेलबुट्टी आणि चमत्कारिक प्राण्यांची चित्रं, दोन्ही बाजूंना रोमन पुतळे. त्या सगळ्यांसमोरून त्या सरळ चालत गेल्या. कुणीतरी छायाचित्र घ्यायला रेंगाळलं तर छत्री वर करायच्या, बोलायच्या काही नाहीत. पुढं दालनामागून दालनं आली, भिंती सोन्यानं मढवलेल्या देवमातांनी भरलेल्या, आणि त्या चालतच होत्या. मला सुरुवातीला हे जिवावर आलं. हळूहळू कळत गेलं की त्यांची खरी विद्या गाळण्यात आहे. उफ्फिझीत आयुष्य काढलेलं माणूस दोन तासांत काय दाखवायचं याचा विचार करतं तेव्हा शेकडो आवडत्या चित्रांना पाठ दाखवतं, रोज. त्याला काळजाची तयारी लागत असणार.

जिथं थांबल्या तिथं मात्र पाय रोवून थांबल्या. पहिल्यांदा तीन अजस्र मेरींसमोर. चिमाबुए, दुच्चो आणि जॉत्तो यांची ही चित्रं एकाच दालनात आहेत. त्यांनी एवढंच सांगितलं की तिघींचे गुडघे बघा. जॉत्तोच्या मेरीचे गुडघे कपड्याखाली खरोखर आहेत. तिच्या मांडीवर मूल बसू शकेल. युरोपची चित्रकला तिथून वळली हे मी पुस्तकांत वाचलं होतं. ते वळण गुडघ्यांत असतं हे कुठंही वाचलं नव्हतं.

बोत्तिचेल्लीच्या दालनात जत्रा भरलेली असते. 'व्हीनसचा जन्म' आणि 'प्रिमावेरा' एकमेकींपासून जवळच. हातातले फोन उंच धरलेले, त्यांच्या पडद्यांवर लहान लहान व्हीनस. ही चित्रं आता इतकी प्रसिद्ध आहेत, पण बोत्तिचेल्लीच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीनशे वर्षं त्याची फारशी कुणाला आठवण नव्हती, 19व्या शतकात लोकांनी त्याला पुन्हा शोधून काढलं, हे ऐकून बरं वाटलं. 'प्रिमावेरा'मधल्या गवतात शेकडो फुलं आहेत आणि वनस्पतिशास्त्रज्ञांना त्यातली कितीतरी नावानिशी ओळखता आली आहेत. आम्ही तिथं थोडाच वेळ काढला. गाइडबाईंना दुसरीकडे जायचं होतं, ते त्यांच्या चालण्यातनं दिसत होतं.

जवळच एक तीन फळ्यांचं प्रचंड चित्र आहे. पंख उघडले की रुंदी जवळजवळ सहा मीटर. त्याच्यासमोर तुरळक माणसं होती. घेंटच्या ह्युगो व्हान डेर गूसनं ते तोम्मासो पोर्तिनारीसाठी काढलं. हा पोर्तिनारी मेदिचींच्या पेढीचा ब्रुजेसमधला कारभारी. चित्र तयार झाल्यावर ते जहाजातून सिसिलीला वळसा घालून पिसाला आलं, तिथून आर्नो नदीनं वर आलं आणि 1483मध्ये हमालांनी ते सान्ता मारिया नुओवा या इस्पितळाच्या प्रार्थनागृहात वाहून नेलं. तोवर ह्युगो वारला होता. त्याच्या शेवटच्या वर्षांत त्याला मनाच्या आजारानं गाठलं होतं. आपलं चित्र फ्लॉरेन्सच्या उजेडात कसं दिसतं हे त्यानं पाहिलं नाही.

मध्ये उघड्या जमिनीवर नागडं बाळ. गादी नाही, पाळणा नाही. निळ्याजांभळ्या वस्त्रातली मेरी हात जोडून त्याच्याकडे पाहते आहे. आणि उजवीकडून मेंढपाळ येताहेत, धावत आल्यामुळे धापा टाकत. एकाचं तोंड उघडं राहिलंय, दात विरळ. दुसऱ्यानं हात जोडायला घेतलेत पण ते पुरते जुळलेले नाहीत. "त्या हातांकडे बघा," कानात आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच आला नाही.

नखांत माती आहे. सांधे सुजलेले आहेत. त्वचा थंडीनं भेगाळली आहे. तेलरंगाची करामत फ्लॅन्डर्समध्ये इटलीच्या आधी साधली होती आणि ती कशासाठी साधली हे त्या हातांत दिसतं. फ्लॉरेन्सच्या चित्रकारांना या माणसांनी हलवून सोडलं. गिर्लान्दायोनं दोनच वर्षांत सान्ता त्रिनिता चर्चसाठी असेच मेंढपाळ काढले, ते आजही तिथं पाहायला मिळतात.

आईनं उभी हयात सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून काढली. तिनं माझ्या बाहीला धरून विचारलं, "दवाखान्यात एवढं मोठं चित्र कशाला रे लावलं असेल?" मी तो प्रश्न गाइडबाईंना विचारला. त्या आईकडे वळल्या आणि सरळ तिच्याशीच बोलल्या, मी मध्ये मराठी करत राहिलो. इस्पितळ फोल्को पोर्तिनारीनं 1288मध्ये काढलं आणि ते आजही चालू आहे, इथून चालत गेलं तर फार दूर नाही. प्रार्थनागृहात चित्रासमोर गुडघे टेकणारे आजारी असायचे, त्यांची शुश्रूषा करणारे असायचे. मग त्यांनी बोट खाली नेलं. बाळाच्या पुढ्यात जमिनीवर एक नक्षीचं मातीचं भांडं आहे आणि त्यात लिली नि आयरिसची फुलं आहेत. अशा भांड्यांत औषधांच्या दुकानात मलमं ठेवत. शेजारी काचेच्या पेल्यात थोडी फुलं, मागं गव्हाची पेंढी. आई ते भांडं इतकं निरखून पाहत होती की आमची मंडळी पुढं सरकल्याचं तिच्या लक्षात आलं नाही. छत्री थोडी उंच झाली आणि तशीच थांबून राहिली.

दाखवणाऱ्याशिवाय आपण काही पाहू शकतो यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. कॉलेजच्या वयात तो होता. संग्रहालयात एकट्यानं जावं, पाटी वाचू नये, चित्रानं आपल्याशी बोलावं असं वाटायचं, आणि छत्रीमागून चालणाऱ्या घोळक्यांची कीव यायची. पण मला पहिल्यांदा चित्र दाखवलं ते अजिंठ्याच्या एका गाइडनं, शाळेच्या सहलीत. पहिल्या लेण्यात बुद्धमूर्तीवर त्यानं दिवा एकदा डावीकडून धरला, एकदा उजवीकडून, एकदा समोरून, आणि तोच चेहरा तीनदा बदलला. आम्ही पोरं ओरडलो होतो. तो प्रकाश कुणीतरी धरला म्हणून दिसलं. हे मी उफ्फिझीत गाइडबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की अजिंठ्याचं नाव त्यांना इटालियन जीर्णोद्धारकांमुळे ठाऊक आहे. खरंच आहे ते. 1920च्या सुमारास निजामाच्या राज्यानं लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोघांना अजिंठ्याला बोलावलं होतं. भिंतीवरून सुटत चाललेले रंगांचे पापुद्रे त्यांनी जागच्या जागी बसवले. त्यांनी वर दिलेला लाखेचा थर पुढं पिवळा पडला आणि आपल्या पुरातत्त्व खात्याला तो काढत बसावं लागलं, हेही खरं. तरी चित्रं टिकावीत म्हणून इटलीतली माणसं सह्याद्रीच्या त्या घळीत आली होती, ही गोष्ट मला त्या दालनात फार जवळची वाटली.

पुढं लिओनार्दोनं अपुरं सोडलेलं 'राजांचं वंदन' पाहिलं. 1481मध्ये त्यानं ते हाती घेतलं आणि पुढच्या वर्षी मिलानला निघून गेला. मायकेलअँजेलोचं गोल चित्र पाहिलं, राफाएल पाहिला. दक्षिणेकडच्या खिडकीतून पोंते वेक्कियो दिसतो, महायुद्धात शहरातल्या पुलांपैकी तेवढा एकच शाबूत राहिला. कॅराव्हॅज्योपाशी त्यांनी आवाज आणखी खाली आणला. 27 मे 1993ला मध्यरात्रीनंतर उफ्फिझीच्या मागच्या व्हिया देइ जॉर्जोफिली या गल्लीत माफियानं मोटारीत ठेवलेला बाँब फुटला. पाच माणसं गेली, त्यांत एक नऊ वर्षांची मुलगी आणि तिची तान्ही बहीण. होंतहोर्स्टचं एक आणि मानफ्रेदीची दोन चित्रं उद्ध्वस्त झाली. त्यांनी आधी माणसांची नावं घेतली, पाचही, न अडखळता, चित्रांची नंतर. तेवढ्यावरून मला या बाईंबद्दल जो आदर वाटला तो सांगता येणार नाही.

फेरी संपली. कानातली यंत्रं परत गोळा करताना त्या म्हणाल्या, तिकीट बंद होईपर्यंत चालतं, आता तुम्हांला हवं तिथं जा. बहुतेक मंडळी गच्चीवरच्या कॉफीकडे गेली. आईनं विचारलं, "परत मेंढपाळांकडे जायचं का?"

तिथं बाक होता. आम्ही बसलो. आमच्यासमोरून फेऱ्या येत होत्या, जात होत्या: फ्रेंच, स्पॅनिश, मग मला ओळखू न येणाऱ्या कुठल्याशा भाषेतली एक. बहुतेक गाइड हातांपाशीच थांबत. या शेवटच्या फेरीतल्या तरुण गाइडनं मात्र हात दाखवून झाल्यावर बोट डाव्या कोपऱ्यात नेलं, म्हाताऱ्या योसेफाच्या पायांशी. त्याचं एक अक्षर आम्हांला कळत नव्हतं. त्याच्या मंडळींबरोबर आम्हीही वाकलो. जमिनीवर एक लाकडी खडाव पडलेली होती, नुकतीच पायातून काढलेली.

"पादत्राण काढून आलाय," आई म्हणाली, आणि बाकावरून उठून जवळ जाऊन पाहू लागली.