नाशिक फाटा ते चाकण : जोराचं गणित

बालमित्रांनो, पिंपरी-चिंचवडच्या नाशिक फाट्यावर चाकणची बस पकडा आणि खिडकीशी बसा. भोसरी गेली, मोशी गेली, इंद्रायणीचा पूल ओलांडला, की पुढे चाकण! १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध लढवलेला संग्रामदुर्ग इथलाच. आज मात्र चाकण म्हटलं, की आठवतो कांद्याचा बाजार आणि मोटारींचे, मोटरसायकलींचे कारखाने.

आधी बाजारात डोकावू या. रिकामी हातगाडी ढकलली, की कशी पटकन पळते! तीच कांद्याच्या गोण्यांनी भरा. तेवढाच जोर लावा. आता ती रेंगाळत निघते. म्हणजे वस्तुमान वाढलं, की तेवढ्याच बलाने त्वरण कमी मिळतं. त्वरण म्हणजे वेग किती भराभर बदलतो ते. न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात गतीचे नियम मांडले. त्यांतल्या दुसऱ्या नियमाचं सूत्र असं : बल = वस्तुमान × त्वरण.

गंमत म्हणजे, थांबतानाही हेच सूत्र लागू पडतं! आता रस्त्याकडे पाहा. कारखान्याच्या दिशेने एक ट्रक चाललाय. समजा, रिकाम्या ट्रकचं वस्तुमान १० टन, म्हणजे १०,००० किलो. वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. ब्रेकने ५०,००० न्यूटन बल लावलं. करा भागाकार! दर सेकंदाला वेग ५ मीटरने घटेल. ३ सेकंदांत ट्रक उभा. तेवढ्यात तो साडेबावीस मीटर पुढे येईल. आता त्यात १० टन पोलादी पत्रा भरा. बल तेवढंच राहिलं, तर थांबायला ६ सेकंद आणि ४५ मीटर लागतील. अंतर दुप्पट!

म्हणूनच अवजड गाड्यांना जास्त ताकदीचे ब्रेक असतात. पण पावसाने रस्ता निसरडा झाला, की टायरची पकड कमी होते आणि थांबवणारं बलही कमी पडतं. शिवाय ड्रायव्हरकाकांचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तरी १५ मीटर संपलेच.

तेव्हा हमरस्ता ओलांडताना ‘काका थांबवतील की गाडी!’ असं मुळीच धरून चालू नका. काका ब्रेक दाबतील, पण सूत्र कुणासाठी बदलत नाही. गाडी जाऊ द्या, मगच पाऊल टाका.

आणि हो, आई-बाबांना एक कोडं घाला : तेवढाच वेग, तेवढंच बल, पण ट्रक १५ टनांचा. किती मीटरवर थांबेल? (उत्तर : पावणेचौतीस मीटर.)