'शांत व सद्वर्तनी'

प्रगतिपुस्तकातला शेरा हे शिक्षकाच्या हातून होणारे सर्वांत निष्काळजी लेखन होय. गुण मोजूनमापून, बेरीज दोनदा पडताळून लिहावे लागतात. शेरा मात्र शेवटच्या दिवशी, लिहून लिहून हात दुखू लागल्यावर, मनात तयार असलेल्या पाचसहा वाक्यांतून एखादे उचलून लिहिला जातो. 'अभ्यासाकडे लक्ष द्यावे', 'अक्षर सुधारावे', 'खोडकर परंतु हुशार' असे काही हजार शेरे माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मी लिहिले असतील. त्यांतला एकच मला आज शब्दशः आठवतो, आणि त्याचे श्रेय माझ्या स्मरणशक्तीला नाही. ज्याच्याविषयी तो लिहिला होता त्यानेच तो मला छत्तीस वर्षांनी ऐकवला.

२०१४ सालच्या माघातला तो एक सोमवार होता. सोमवारी मंगेशीला देवाची पालखी निघते. दीपमाळेच्या बाजूला, भिंतीला टेकून, मी पालखीची वाट पाहत बसलो होतो. पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ माझ्यापुढे वाकले आणि म्हणाले, "मास्तर, म्हाका वळखलो?" मी ओळखले नाही. त्यांनी नाव सांगितले तेव्हा खिडकीजवळचा तिसरा बाक, त्यावरची एक किरकोळ आकृती आणि वहीवर झुकलेली मान एवढे चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले. १९७८ साली तो माझ्या सातवीच्या वर्गात होता. नोकरीनिमित्त तो वडोदऱ्याला स्थायिक झाला होता आणि कुलदैवताच्या दर्शनाला पत्नी व मुलगी यांच्यासह आला होता.

"तू फार शांत मुलगा होतास रे," मी कौतुकाने म्हणालो.

तो किंचित हसला. "तुमी तेंच बरयल्लें, मास्तर. 'शांत व सद्वर्तनी'."

मला वाटले, इतक्या वर्षांनंतरही माझा शेरा याने मनात जपून ठेवला आहे! शिक्षकाच्या अहंकाराला असे खाद्य क्वचित मिळते. मी सुखावलो, आणि तो माझ्या शेजारी बसून त्या वर्षाची हकीकत सांगू लागला.

वर्गात त्याचे नाव 'मोनो' पडले होते. मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन ज्या बाकावर बसे तेथून मुले उठून जात. कोणी रागावून उठत नसे. जणू तो बाक मोकळाच आहे, अशा सहजपणे उठत. खेळायला गडी वाटून घेताना तो शेवटपर्यंत उरे आणि मग गडी पुरेसे आहेत असे ठरे. त्याची कंपासपेटी आठवड्यातून एकदा नाहीशी होई. ऐन पावसाळ्यात एकदा त्याच्या वहाणा शाळेच्या कौलांवर फेकल्या गेल्या आणि तो अनवाणी घरी गेला. वहाणा हरवल्या म्हणून घरी मार मिळाला. खरे काय ते त्याने सांगितले नाही, कारण सांगायचे तर आपण कोणालाच नको आहोत हेही सांगावे लागले असते, आणि बारा वर्षांच्या मुलाला त्यापरीस मार सोसणे सोपे वाटते.

दिवाळीनंतर रोज सकाळी त्याच्या पोटात दुखू लागले. जेवण तुटले. रात्री तो जागा राहू लागला. आईला संशय आला, तिने वडिलांना सांगितले, "शाळेत जाऊन जरा विचारून या." त्याच आठवड्यात प्रगतिपुस्तक घरी आले. वडिलांनी शेरा मोठ्याने वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि पुस्तक देवापुढे ठेवले. म्हणाले, "मास्तर रोज याला पाहतात. काही बिनसले असते तर त्यांना कळले नसते?"

"त्या उपरांत म्हाका कोणेंच विचारलें ना," तो म्हणाला.

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. असती तर मला सोपे गेले असते. तक्रारीला उत्तर देता येते. वर्गात पन्नास मुले होती, मी नवखा होतो, अशा गोष्टी त्या काळी कोणी मनावर घेत नसे, ही सारी उत्तरे माझ्या जिभेवर तयार होती. पण त्याच वेळी मला दुसरे काही आठवले आणि माझी जीभ जागच्या जागी थांबली.

एकदा मी त्याला कविता वाचायला उभे केले होते. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मागून कोणीतरी म्हणाले, "मोनो उलोवचो ना!" सारा वर्ग हसला. मीही हसलो. मोठ्याने नव्हे, ओठांच्या कोपऱ्यात. पण चाळीसपन्नास मुलांच्या डोळ्यांना तेवढे पुरते. मग मी त्याला म्हणालो, "पुरे, बस खाली." म्हणजे मला ते नाव ठाऊक होते. मला काही कळले नव्हते असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. जे कळले होते त्याकडे मी पाहिले नाही, आणि त्या हसण्याने वर्गाला जी मुभा मिळायची ती मिळाली.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ होता. त्या भेटीनंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो. शाळेतल्या छळाचा शास्त्रीय अभ्यास प्रथम स्कँडिनेव्हियात १९७० च्या दशकात डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने हाती घेतला, हे मला तेव्हा कळले. त्याने छळाची तीन लक्षणे सांगितली: तो जाणूनबुजून केलेला असतो, पुनःपुन्हा केलेला असतो, आणि ज्याच्यावर होतो त्याला सहजी प्रतिकार करता येत नाही. या व्याख्येत मारहाण तर येतेच, परंतु वाळीत टाकणेही येते. नॉर्वेत १९८२ साली तीन किशोरवयीन मुलांनी आपले जीवन संपवले. सोबत्यांनी केलेला छळ हे त्यामागचे कारण असावे असे दिसून आले, आणि १९८३ साली तेथील सरकारने देशभरच्या शाळांत मोहीम सुरू केली. माझ्या वर्गातला तो रिकामा होणारा बाक त्या तिन्ही लक्षणांत चपखल बसत होता.

२००३ साली अमेरिकेतील संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. चेंडू एकमेकांकडे टाकण्याचा संगणकावरचा खेळ मांडून, मध्येच एकाकडे चेंडू टाकणे बंद करायचे. तेवढ्यानेच त्या माणसाच्या मेंदूत जी हालचाल दिसली ती शारीरिक वेदनेच्या वेळी जेथे दिसते त्याच भागातली होती. 'मनाला लागले' असे आपण म्हणतो तेव्हा ती नुसती अलंकारिक भाषा नसते.

आणि हे लागलेले लवकर बुजत नाही. ब्रिटनमध्ये १९५८ सालच्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांची नोंद तेथील संशोधक आयुष्यभर ठेवत आले आहेत. सातव्या व अकराव्या वर्षी ज्यांचा छळ झाल्याचे आईबापांनी सांगितले होते, त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्य व चिंता यांचे प्रमाण इतरांहून अधिक आढळले. हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो २०१४ सालीच. मी तो वाचला तेव्हा मंगेशीच्या त्या संध्याकाळी त्याने सांगितलेली एक गोष्ट मला आठवली. कचेरीत पाठीमागे कोणी हसले की अजूनही त्याच्या तळहातांना घाम फुटतो. हसणे आपल्याला नाही हे त्याला कळते. हातांना कळत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अबोलपणा हा रोग नव्हे. काही मुले जन्मतःच मितभाषी असतात. त्यांना एखाददुसरा जिवलग असतो, घरी ती गुणगुणतात, आपल्या आवडीच्या कामात तासन् तास रमतात. त्यांना बळेच बोलके करणे हाही एक छळच. परंतु गाभाऱ्यातली शांतता वेगळी आणि ओस पडलेल्या घरातली वेगळी. बाहेरून दोन्ही सारख्याच ऐकू येतात. आत जाऊन पाहावे लागते. पूर्वी बोलणारे मूल गप्प झाले, त्याच्या वस्तू वरचेवर हरवू लागल्या, शाळेच्या वेळीच पोट दुखू लागले, झोप गेली, गुण घसरले, सवंगड्यांची नावे त्याच्या तोंडी येईनाशी झाली, की ती शांतता स्वभावाची नसून लादलेली आहे असे समजावे.

आपण मात्र उलट करतो. देवळात, लग्नसमारंभात, कोठेही निमूट बसलेले मूल पाहिले की 'किती गुणी!' म्हणतो. वस्तुतः शांत मूल आपल्या सोयीचे असते, आणि आपल्या सोयीलाच आपण त्याचा गुण म्हणतो. ही स्तुती भाबडी दिसते, पण ती दारावर कुलूप घालते. ज्याला शांतपणाबद्दल शाबासकी मिळाली आहे, त्याने ओरडावे तरी कोणत्या तोंडाने?

मग तो तरला कसा, हे मी त्याला त्या संध्याकाळी विचारलेच. त्याच्या वाड्यावर एक म्हातारे भजनी गृहस्थ होते. चतुर्थीच्या आधी ते मुलांना घुमटआरती शिकवीत. हा दारात उभा राहून ऐकत असे. एके दिवशी त्यांनी त्याच्या हातात कांसाळें दिले आणि सांगितले, "तुवें उलोवपाची गरज ना. ताळ धर." घुमट आणि शामेळ यांच्या गजरात त्याला एक शब्दही बोलावा लागला नाही, पण त्याचा ताल चुकला तर सारी आरती अडखळे. आपल्यावाचून काहीतरी अडते ही जाणीव त्याला तेथे प्रथम झाली. चार वर्षे तो तेथे जात राहिला. त्या म्हाताऱ्यांनी मानसशास्त्र वाचले नव्हते. दारात कोण उभे आहे एवढे त्यांनी पाहिले. मी ते पाहिले नव्हते.

म्हणून मला वाटते, आपल्या देवस्थानांच्या चौकात आजही पुष्कळ करता येण्यासारखे आहे. सप्ताहात, जत्रेत, उत्सवाच्या नाटकात नेहमी तीच चुणचुणीत मुले पुढे येतात. एखादे काम असेही असावे ज्यात बोलावे लागत नाही, पण ज्याच्यावाचून अडते: समया पुसून लावणे, पडदा ओढणे, टाळ धरणे. आणि जी मुले बाजूला उभी राहून दुसऱ्याची फजिती पाहतात त्यांनाही शिकवावे. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवर केलेल्या निरीक्षणात असे दिसले की छळाच्या बहुतेक प्रसंगी इतर मुले जवळच असतात आणि थोडीच मध्ये पडतात. परंतु जेव्हा पडतात तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबतो. माझ्या वर्गात अशी दहा सेकंदे कोणी दिली नाहीत. ती प्रथम मी द्यायला हवी होती.

त्या काळी शाळेची शेवटची घंटा झाली की निदान दुसऱ्या दिवसापर्यंत सुटका होत असे. आज भ्रमणध्वनीवरून ती थट्टा मुलाच्या अंथरुणापर्यंत येते. मुलांच्या गटातून एकाचे नाव गुपचूप काढून टाकायला हातही उचलावा लागत नाही. सुदैवाने आज मदतही जवळ आहे: मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा मनाच्या दुखण्यासाठी उपलब्ध आहे. मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यात कुळाला कमीपणा येत नाही, हेही आपल्या समाजात अजून मोठ्याने सांगावे लागते. पण या साऱ्याच्या आधी घरातल्या कोणीतरी विचारले पाहिजे, आणि विचारून थांबले पाहिजे.

तो हे सर्व मला का सांगत होता? त्याची चौदा वर्षांची मुलगी थोड्या अंतरावर आईजवळ उभी होती. आदल्या महिन्यात तिच्या प्रगतिपुस्तकात शेरा आला होता: शांत मुलगी. "तुमचा शेरा आठवला," तो म्हणाला, "आणि त्याच रात्री मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तीन रात्री ती काही बोलली नाही. चौथ्या रात्री बोलली." पुढे काय झाले ते मी विचारले नाही. एवढेच त्याने आपणहून सांगितले, की तो शाळेत जाऊन शिक्षकांना भेटला होता आणि पुन्हा भेटणार होता.

मी त्याची क्षमा मागितली. तो गडबडून म्हणाला, "मास्तर, अशें म्हणूं नाकात." मग त्याने मुलीला बोलावले. ती आली, नमस्कार करून उभी राहिली. मी तिला विचारले, "शाळेत तुझ्याशेजारी कोण बसते?" तिने उत्तर दिले नाही. तेवढ्यात सनई वाजू लागली, पालखी बाहेर आली, आणि आम्ही सारे उठून उभे राहिलो. पालखी देवळाला वळसा घालून परत आली तरी मी तिच्याजवळच उभा होतो. तेव्हा ती हळूच एका मुलीचे नाव सांगून म्हणाली, "आता ती बसते."